मिटलेली दोन बोटं

कांडी हातातून सुटली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग असावा. वायकीकीच्या त्या हॉटेलात, पोहण्याच्या तलावाकाठच्या बुटक्या स्टेजवर, तिसरं गाणं ऐन रंगात आलेलं, क्लॅरेन्सनं डोळे मिटून वरचा सूर लावलेला, आणि मोमीच्या डाव्या हातातून ती पोलादाची कांडी ओल्या साबणासारखी निसटली, मांडीवरच्या गिटारच्या कडेवर एकदा वाजली आणि फरशीवरून गडगडत थेट पहिल्या टेबलाखाली गेली. तिथे बसलेल्या माणसाच्या अंगात त्याच दिवशी विकत घेतलेला फुलाफुलांचा शर्ट होता. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. त्यानं वाकून कांडी उचलली, टेबलावरच्या रुमालानं नीट पुसली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. 'तुमचं हे... जे काही असेल ते,' तो म्हणाला. क्लॅरेन्सनं माइकवरून सावरून घेतलं, 'आमची मोमी रोज एका टेबलाला भेट देते हो, पण आज परत घेतेय, म्हणजे तुमचं टेबल काही पसंत पडलेलं दिसत नाही!' सगळे हसले. मोमीही हसली. तिनं कांडी पुन्हा तारांवर ठेवली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की कांडी हातात आहे की नाही हे खाली बघितल्याशिवाय आपल्याला सांगता येत नाहीये.

बसमधून काइमुकीला घरी परत जाताना गिटारची पेटी गुडघ्यांत धरून ती त्या हाताकडे बघत राहिली. हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा तरी तिच्याकडे ठेवायला दिल्यासारखा. अंगठ्याच्या बुडाशी ठणका होता. तो मनगटावरून वर चढत कोपरापर्यंत यायचा आणि तिथे मुक्काम ठोकायचा. वर्षापूर्वी तो शेवटच्या गाण्यानंतर यायचा, म्हणून तिनं त्याला थकवा म्हटलं. मग तो मधल्या सुट्टीच्या आधी यायला लागला, म्हणून तिनं त्याला वय म्हटलं. आता तिसऱ्या गाण्यालाच आला होता, आणि त्याला काय म्हणायचं ते तिला माहीत होतं, पण म्हणायचं नव्हतं. या वर्षभरात तिनं किती सोंगं केली! गाण्यांच्या मधे उगाच गळ्यातला हार सारखा करायचा, जुळलेली तार पुन्हा जुळवायची, क्लॅरेन्सला एखादा फालतू विनोद करायला भाग पाडायचं. तेवढीच हाताला उसंत. घरी मिठाचं गरम पाणी झालं, चिनी दुकानातलं झणझणीत तेल झालं, टी नावाच्या झाडाची पानं शेकून बांधून झाली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, इतकं घट्ट धरायचं काम असेल तर ते काम सोडा. त्यानं रबरी चेंडू दाबायला दिला. मोमीनं तो इमानेइतबारे दाबला, आणि हात आणखी बिघडला.

तोशिओ, तिचा नवरा, गॅरेजात काम करायचा आणि जगातली प्रत्येक गोष्ट जड आहे म्हणून बिघडते असं त्याचं ठाम मत होतं. त्यानं तिला अॅल्युमिनियमची हलकी कांडी करून दिली होती. ती तर पोलादाच्या कांडीपेक्षा वाईट. तारेवर टिकावी म्हणून दाबावी लागायची. पण त्यानं दोन रविवार खपून घासली होती, त्यामुळे मोमीनं ती वापरत असल्याचं खोटंच सांगितलं होतं. त्या दिवशी ती घरात शिरली तेव्हा तो भात वाढून घेत होता.

'चेहरा का असा? कुणी गेलं की काय?'

'कांडी पडली. सगळ्यांच्या देखत.'

'माझी?'

'नाही. जुनी.'

'बघ! सांगत होतो ना, नेहमी माझीच वापर म्हणून.' मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, वाडगा खाली ठेवला आणि आवाज उतरवला. 'क्लॅरेन्स काय म्हणाला?'

क्लॅरेन्स काही म्हणाला नव्हता, हेच तर वाईट होतं. तो दुसऱ्या दिवशी आला, जिन्यातच धापा टाकत उभा राहिला. माणूस आडवा, जिना अरुंद. येत्या शनिवारी त्याच्या नातीचा पहिला वाढदिवस होता, आणि आमच्याकडे पहिल्या वाढदिवसाची लूआऊ म्हणजे लग्नापेक्षा मोठी. दुपारपासून दिवे लागेपर्यंत जेवणावळ, आणि वाजवणाऱ्यांनी थांबायचं नाही. पाहुण्यांतली कुठली म्हातारी कधी नाचायला उठेल याचा नेम नसतो, आणि ती उठली की साथ असलीच पाहिजे. 'रेमंडला बोलावून ठेवलंय,' क्लॅरेन्स कठड्याकडे बघत म्हणाला. 'म्हणजे आपलं असावं म्हणून. गिटार गाडीतच राहील त्याची. तू वाजव की. जोवर होईल तोवर.' मोमी बरं म्हणाली. 'मला तूच हवीस गं,' तो म्हणाला, 'सोलचा सूर दुसऱ्या कुणाच्या हातात आहे? ती कुणकुण रेमंडला जन्मात यायची नाही. पण लोक जमणार, नातीचं काम, आणि मधेच कांडी...' त्यानं वाक्य तिथेच सोडलं. तो खाली उतरून गेल्यावर मोमीला कळलं, जोवर होईल तोवर म्हणजे शनिवारपर्यंत.

सोल म्हणजे सोलोमन नाकोआ, तिचे वडील. आणि ती कुणकुण म्हणजे नाकोआंची ओळख. कुठलाही स्टील गिटार वाजवणारा कांडी तारेवरून सरकवतो तेव्हा कांडीच्या पुढचा सूर ऐकू येतो; पापांच्या हातून कांडीच्या मागची तारही बारीक, धूसर अशी कुणकुणत राहायची, एका सुरामागून दुसरा कुणीतरी चोरपावलांनी येत असल्यासारखी. लोक कालिहीतल्या घराबाहेरच्या बोळात उभे राहून ती ऐकायचे. पापांचा हात धरायची तऱ्हाच वेगळी होती. अंगठा आणि दोन बोटांत कांडी करकचून धरलेली, आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात घट्ट मिटलेली. नाकोआ पद्धत. बोळातल्या पोरांनीही ती उचलली होती. दोघंतिघं बोटं मिटून गिटार कुटत बसायची, आणि एकानं तर हात दुखतो म्हणून गिटार सोडून बस चालवायला घेतली. मोमीनं सोडली नाही. ती सोलची मुलगी होती, तिला दुखून कसं चालेल?

तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्या घरात शिकवायची पद्धत नव्हती आणि विचारायची तर त्याहून नव्हती. मोठी माणसं काही करत असली की गप्प बसून बघायचं. मासा कसा चिरायचा, चटईची पात कशी दुमडायची, अळूच्या कंदाच्या पोईत पाणी किती घालायचं, सगळं बघून. 'असं का?' म्हटलं की आजी मान वर न करता म्हणायची, 'चोंबडी कुठली!' आणि चोंबडी म्हणजे नुसती शिवी नव्हती, तो डाग होता. चोंबड्या पोरीला कुणी आपल्या परसात उभं करत नसे. गिटारचं तर बोलायलाच नको. तारा कुठल्या सुरांत जुळवल्यात हे त्या काळात सख्ख्या भावालाही सांगत नसत. पापा भिंतीकडे तोंड करून तारा जुळवायचे, आणि विडी ओढायला अंगणात जायचे तर जाण्याआधी दोन तारा ढिल्या करून जायचे, म्हणजे मागे कुणी येऊन छेडल्या तरी हाती काही लागू नये. मोमी खिडकीखालच्या चटईवर पालथी पडून बघत राहायची. खालून तिला गिटारचं पोट दिसायचं आणि वडिलांचा हात दिसायचा. ती त्या हाताची प्रत्येक रेघ पाठ करायची. ती बारा वर्षांची असताना पापा एकदा मासळीबाजारात गेले आणि जाताना गिटार खुर्चीवर ठेवून गेले, एकही तार ढिली न करता. घरात कुणी काही बोललं नाही. पण आजीनं खुर्चीखालचा केर त्या दिवशी काढला नाही, हे मोमीनं पाहिलं आणि तीच परवानगी समजून ती जाऊन बसली. तिनं आधी दोन बोटं मिटली, घट्ट, नखं तळव्यात रुतेपर्यंत. मग कांडी उचलली. पापा परत आले तेव्हा ती वाजवत होती. ते दाराबाहेर थांबले. त्यांच्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. ते बराच वेळ तिच्या हाताकडे बघत होते आणि मग काही न बोलता मासे धुवायला निघून गेले. ते बघणं म्हणजे शाबासकी, असं मोमीनं धरलं होतं. तीस वर्षांहून जास्त काळ तिनं ती शाबासकी पुरवून पुरवून वापरली होती.

शुक्रवारी ती डोंगर ओलांडून वायमानालोला गेली, आंटी हॅटीकडे. आंटी हॅटी पापांची धाकटी बहीण, मोमीची सख्खी आत्या. ऐंशीला टेकलेली, कानानं तेज, तोंडानं त्याहून. वाढदिवसाचे हार तिच्याकडेच व्हायचे होते. व्हरांड्यात चाफ्याचा ढीग पडला होता आणि दोघी समोरासमोर बसून लांब सुईत फुलं ओवत होत्या. मोमीला इथे येऊन बरं वाटायला हवं होतं, पण चाफ्याच्या त्या गोड वासानं तिला उलट कसंतरी व्हायला लागलं. लग्नं, बारशी, मयतं, सगळीकडे हाच वास आणि प्रत्येक ठिकाणी मांडीवर गिटार. उद्यानंतर आपण फक्त पाहुणी म्हणून जायचं. पानावर बसायचं, दुसऱ्याचं वाजवणं ऐकायचं, छान झालं म्हणायचं. तिला ते चित्र इतकं स्पष्ट दिसलं की सुई थांबली.

'फुलांचा गळा का दाबतेयस?' आंटी म्हणाली.

मोमीनं खाली पाहिलं. तिच्या बाजूच्या हारातली फुलं देठापाशी काळी पडली होती.

'हात दुखतोय जरा.'

'दुखेल नाहीतर काय होईल! फूल धरतेयस की खेकडा? आणि ती दोन बोटं कशाला मिटून बसलीयेस? सोलसारखी?'

'सवय आहे.'

'तुझी असेल. त्याला कसली सवय!'

आंटी पुढचं फूल घ्यायला वाकली. त्या वाक्यात एक पायरी नव्हती आणि मोमीचा पाय रिकामाच खाली गेला होता. गप्प राहावं, बघावं, आपोआप कळेल. साऱ्या अंगात मुरलेली ती जुनी शिस्त तिला आवरून धरत होती. तिचे कान तापले. बेचाळिशी उलटलेली बाई, आणि आजी मागे उभी असल्यासारखी भीती वाटत होती.

'आंटी, एक विचारू?'

'विचार की. चोंबडेपणा करायचंच वय झालंय आता तुझं.'

'पापा बोटं का मिटायचे?'

आंटी हॅटीनं सुई मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे असं पाहिलं की जणू पोरीनं स्वतःचं नाव विचारलं. 'मिटायचे? उघडायची कुठे ती! अगं, कारखान्यात गेली ना! अननस सोलायचं यंत्र होतं, त्यात तळवा सापडला. मी पलीकडच्या टेबलावर फोडी भरत होते. माझ्या डोक्यावरचं फडकं सोडून मीच बांधलं. मुकादमाला कळलं असतं तर हात अधू म्हणून काढून टाकलं असतं, म्हणून सगळ्यांना सांगितलं धक्क्यावर पाय घसरला. जखम भरली, पण आतली शीर गेली होती. ती दोन बोटं जी मिटली ती मेला तेव्हासुद्धा मिटलेलीच होती. मीच पुसला ना त्याचा हात.'

समुद्राच्या बाजूनं कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मोमीला पापांचा हात दिसत होता: चहाचा पेला धरणारा, बादली उचलणारा, चर्चमध्ये टोपी धरणारा, सगळीकडे तीच दोन बोटं मिटलेली. तिनं ते पाहिलंच नव्हतं असं नाही. रोज पाहिलं होतं. पण तिला वाटायचं, गिटार वाजवून वाजवून बोटांना ते वळण लागलंय. गिटारनं हात घडवला असं तिनं धरलं होतं, आणि खरं तर मोडक्या हातानं कशीबशी गिटार धरली होती.

'आणि ती पद्धत? ती कुणकुण?'

'लोक म्हणायचे पद्धत. तो शिव्या घालायचा. "हॅटी, मागून गळतंय गं," म्हणायचा. आधी त्याची ती बोटं कांडीच्या मागे तारांवर पडून असायची, मागचा आवाज तिथेच मरायचा. काय स्वच्छ वाजवायचा! तुझ्या जन्माआधीची गोष्ट. मग बोटं गेली, धरायला तीनच उरली, म्हणून करकचून धरायचा. हात दुखून रडायचा माणूस, भिंतीकडे तोंड करून.'

'ते तारा जुळवायला...'

'तारा किती वेळ जुळवणार, बाई?'

मोमीला राग आला. इतका की चाफ्याचा तो ढीग लाथेनं अंगणात उडवून द्यावासा वाटला. 'मग मला सांगितलं का नाही? त्यांनी बघितलं होतं, आंटी! मी बोटं मिटून बसले होते, ते दारात उभे राहून बघत होते!'

'हो. त्याच दिवशी आला होता माझ्याकडे. मासे घेऊन. इथेच बसला.' आंटी आता हळू बोलत होती. 'म्हणाला, पोरीनंपण मिटलीयेत गं. मी म्हटलं, मग सांग तिला, उघड म्हणावं. तर म्हणाला, सांगायचं म्हणजे माझी उघडून दाखवायला लागतील. आणि ती मला बघून बसलीय, हॅटी, माझ्यासारखं व्हायला बघतेय. हसला, आणि मग... असो. त्या दिवशी मासे काही शिजले नाहीत.'

'आणि तू? तू का नाही सांगितलंस इतकी वर्षं?'

'तू विचारलं नाहीस.'

'विचारायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत!'

'हो, ते जरा चुकलंच,' आंटी हॅटी म्हणाली, कालवणात मीठ जास्त पडलं म्हणावं इतक्या सहज, आणि पुढचं फूल उचललं. मोमीला हसू फुटलं. ते थांबेना, मग त्याचं रडू झालं, आणि आंटीनं तिला रडू दिलं. फक्त हार तेवढे भिजणार नाहीत असे बाजूला सरकवले. मग तिनं आपला सुरकुतलेला हात मोमीच्या गुडघ्यावर ठेवला. बोटं सैल, शेवटची दोन तर नुसती पसरून पडलेली. तिनं जन्मात गिटार धरली नव्हती. 'असा असायचा आधी त्याचा हात. टेकलेला. सगळ्या हाताला बसायला जागा असायची बघ.' तो हात इतका हलका होता, आणि तरी त्याचं वजन मोमीला नीट जाणवत होतं.

घरी येऊन तिनं स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टेलिफोनची जाड डिरेक्टरी ठेवली, वर बसली, मांडी पुढे उतरती झाली आणि कोपर तारांच्या जरा वर आलं तसं मनगट आपोआप सरळ झालं. जुनी जड कांडी तिनं तारांवर नुसती ठेवली. जड होती म्हणूनच ती पडून राहत होती. तिला दाबायचं कारणच नव्हतं. अंगठा आणि मधलं बोट दोन्हीकडून टेकलेलं, पहिलं बोट वरून, आणि ती दोन... ती दोन ऐकेनात. उघडली की पुन्हा मिटायची, गोगलगाय शिवल्यावर आत जाते तशी. तिनं सरकवायला सुरुवात केली की ती तळव्यात पळत. तिनं केसांची फीत सोडून ती बोटं मधल्या बोटाला सैलशी बांधली. मग एकदा, कधीतरी, ती तारांवर पडून राहिली. कांडी वर सरकली, मागून ती दोन बोटं फरफटत गेली, आणि सूर आला.

स्वच्छ सूर. मागे काही नाही. मोमीनं हात उचलला. स्वयंपाकघर एकदम रिकामं झालं होतं. पापांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण ते गेले नव्हते. रोज संध्याकाळी तलावाकाठी तिच्या सुरामागून येत होते. आता आले नाहीत. तिनं बोटं पटकन मिटली आणि तोच सूर पुन्हा वाजवला. कुणकुण आली, आणि तिच्याबरोबर अंगठ्याच्या बुडाशी ठणकाही आला, तिचाच जोडीदार. तोच सूर ती पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. एकदा उघडून, एकदा मिटून. तिला दोन्ही हवं होतं. मग तिला तो भिंतीकडे तोंड केलेला माणूस दिसला. चटईवर पालथी पडून ती ज्याचं कौतुक करत होती ते त्याचं दुखणं होतं, आणि ते आपल्या पोरीकडे गेलंय हे मासळीची पिशवी हातात धरून त्यानं पाहिलं होतं. तिला वडिलांची दया आली. आयुष्यात पहिल्यांदाच आली, आणि तिनं ती येऊ दिली.

तोशिओ मोरीपाशी भांडी विसळत होता. 'काय बदललं गं? काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतंय.'

'गळत होतं. थांबलं.'

'वॉशर?'

'असंच काहीसं.' मग ती म्हणाली, 'तोशिओ, तुझी कांडी नापास. पहिल्या दिवसापासून नापास.'

त्यानं नळ बंद केला. 'हे वर्षभर मनात ठेवलंस?'

'तू विचारलं नाहीस.' आणि ते तोंडातून गेल्यावर ती दचकली. मग उठून त्याच्याजवळ गेली आणि ती हलकी कांडी का चालत नाही ते त्याच्या ओल्या मनगटावर ठेवून, न दाबता आणि दाबून, दोन्ही तऱ्हांनी नीट समजावून सांगितलं.

शनिवारी बागेत ताडपत्री ताणली होती. जमिनीखाली भाजलेल्या डुकराचा वास सुटला होता, लांब टेबलांवर पोईचे वाडगे आणि पानांत बांधलेलं मांस, आणि सगळ्यांच्या मधे क्लॅरेन्सची नात कागदाचा मुकुट चावत बसली होती. रेमंड आला होता. चांगला पोरगा, केस तेलानं बसवलेले; त्यानं मोमीला आंटी म्हणून वाकून गालाला गाल लावला आणि तिच्या हाताकडे चोरून पाहिलं. पहिल्याच गाण्यात क्लॅरेन्स गाता गाता मागे वळला. त्याचे शब्द चालूच होते, पण भुवया वर गेल्या होत्या. मोमीनं मान खाली घातली. गाणं संपल्यावर तो चार तारांचं छोटं उकुलेले पोटाशी धरून तिच्याकडे वाकला.

'कुणकुण कुठे गेली?'

'गेली.'

'परत येईल?'

'नाही.'

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. बोटं तारांवर टेकलेली होती; फीत सकाळीच सोडली होती, पण तिची रेघ अजून होती. त्याचा चेहरा उतरला; तोही सोलच्या खिडकीखाली उभा राहून मोठा झाला होता. 'हात?' त्यानं विचारलं.

'हात आहे.'

'मग वाजव,' तो म्हणाला आणि नाक ओढलं. 'हात नसता तर नुसती कुणकुण घेऊन काय चाटायचीय?'

पण पुढची कितीतरी गाणी तो तिच्याकडे वळून न बघताच गायला, आणि मोमीला आतून पोखरत होतं. एका जलद गाण्यात बोटं पुन्हा मिटली. ते तिला कळलं अंगठ्यावरून. घाबरून तिनं कांडी आणखी घट्ट धरली, आणि क्षणभर ती हॉटेलची फरशी, तो गडगडणारा आवाज, सगळं अंगावर आलं. रेमंडनं ताट खाली ठेवलं. मग तिनं तेच केलं जे एरवी कधीच केलं नसतं. दोन ओळी सोडून दिल्या. कांडी गिटारवर ठेवली, हात खांद्यापासून खाली लोंबू दिला, बोटं झटकली, सगळ्यांच्या देखत. कुणी मेलं नाही. गाणं तिच्यावाचून दोन ओळी चाललं आणि तिसऱ्या ओळीला तिनं हात परत आणून तारांवर टेकवला. रेमंडनं ताट पुन्हा उचललं आणि वाढून घ्यायला गेला.

ऊन उतरलं तेव्हा कुणीतरी आंटी हॅटीला नाचायला ओढून आणलं. ती नाही नाही म्हणत आली आणि मधोमध येताच चपला काढून तयार झाली. क्लॅरेन्सनं संथ गाणं धरलं. आंटीचे पाय फारसे हलत नव्हते. सगळं हातांत होतं, आणि मोमी त्या हातांकडे बघत वाजवत होती, नजर तिथे आणि कांडी त्यांच्या मागून. हात कोमट होता. कोपरात काही नव्हतं. तिथे काही नाही हे ती पुन्हा पुन्हा तपासून बघत होती, दात पडल्यावर जीभ जाते तशी.

आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्याला एक ठरलेला शब्द असतो. कथा सांगून झाली असा त्याचा अर्थ. गाणारा तो आधी हळूच पुकारतो, म्हणजे नाचणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांना कळतं की आता आवरायचं. गेलं वर्षभर मोमी दुसऱ्या कडव्यापासूनच त्या शब्दाची वाट बघत असायची, ताप आलेलं माणूस उजाडायची बघतं तशी. क्लॅरेन्सनं तो शब्द पुकारला. इतक्यात? तिला वाईट वाटलं होतं. गाणं संपतंय याचं वाईट वाटायचं असतं हे ती विसरूनच गेली होती.

कडवं संपलं. इथे स्टील गिटारनं समारोपाचे दोन सूर लावायचे आणि सगळ्यांनी हात खाली आणायचे. आंटीचे हात खाली यायलाच लागले होते. मोमीनं ते दोन सूर लावले नाहीत. दोन कडव्यांच्या मधे गाण्याला पुन्हा सुरुवातीकडे वळवणारा जो तुकडा असतो, तो तिनं वाजवला, सावकाश, पुरेपूर, आणि एकदा तो वाजला की कुणालाच थांबता येत नाही. मागचा बास वाजवणारा हसला. क्लॅरेन्सचं मिटत आलेलं तोंड उघडं राहिलं. त्यानं मागे वळून तिच्याकडे पाहिलं, तिचा चेहरा पाहिला, आणि डोळे पुसायलाही वेळ नसल्यामुळे तसाच गायला लागला.

'अगं ए मोमी!' आंटी हॅटी मधोमध उभी राहून ओरडली. 'माझे गुडघे काय तुझा बाप देणार आहे का?'

लोक खो खो हसले. आंटीनं हात पुन्हा वर उचलले होते. मोमीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कांडी वरच्या सुराकडे नेली.